हॉकीच्या गोलकीपर किटमध्ये दोन्ही किकर (बुटांवर घालायची फोमची कवचं) डाव्या पायाचे दिलेत, आणि बदलून मागितलं तर वापरलेला माल म्हणून हाकलता?

प्रति,
दुकानाचे मालक / मॅनेजर यांस,

नमस्कार. काउंटरवर बोलून झालं, फोन करून झाला, मेसेजला नुसत्या निळ्या टिका दिसतायत, म्हणून आता लेखी तक्रार करतेय. बिल सोबत जोडलंय, किकरचे फोटोही जोडलेत.

माझी मुलगी गोलकीपर आहे. आतापर्यंत क्लबचं किट वापरायची, ते सगळ्यांत मिळून एकच, पॅडचा फोम दबून गेलेला, हेल्मेटचा पट्टा कुणीतरी गाठ मारून बांधलेला, म्हणून यंदा तिला स्वतःचं पूर्ण किट घ्यायचं ठरवलं आणि दुसरीकडे कुठे चौकशी न करता सरळ तुमच्याकडे आले, कारण तिच्या दादाची पहिली स्टिक तुमच्याकडचीच. तेव्हा तुमच्याकडे एक काका होते, त्यांनी आधी त्याला बूट घालून ताठ उभं केलं, स्टिक शेजारी उभी धरून कमरेच्या हाडापर्यंत येते का बघितलं, किती दिवस खेळतोय, कुठे खेळतो, टर्फवर की मातीत, सगळं विचारलं आणि मग आम्ही हातात घेतली होती त्यापेक्षा साधी, कमी कार्बनची स्टिक दिली. म्हणाले, जास्त कार्बनची स्टिक कडक असते, फटका जोरात जातो पण बॉल अडवताना उसळतो, आधी बॉल थांबवायला शिकू दे. त्या एका वाक्यामुळे मी इतकी वर्षं सगळ्यांना तुमचं दुकान सांगत आले.

यावेळी मात्र काउंटरवरच्या मुलाने फक्त एवढंच विचारलं, साइज कुठला? मी म्हटलं अहो साइज तुम्ही बघून सांगा ना, पोरगी सोबत आणलीये. तर म्हणे वयाप्रमाणे मीडियम लागेल. किकर आणि पॅड घालून बघू द्या म्हटलं तर पॅक माल आहे, उघडता येत नाही, घरी जाऊन बघा, काही असेल तर बदलून देऊ. हे "बदलून देऊ" मुलीने पण ऐकलंय आणि शेजारी उभ्या असलेल्या दुसऱ्या गिऱ्हाइकाने पण ऐकलंय. हेल्मेट तेवढं बाहेर लावलेलं होतं म्हणून घालून बघता आलं, ते मोठं होतंय असं ती स्वतः म्हणाली तर म्हणे वाढतं वय आहे, मोठंच घ्या, आत स्पंज लावून देतो. आणि लावला पण, चिकटवून.

प्रॅक्टिसला बॅग उघडली तर दोन्ही किकर डाव्या पायाचे. ज्यांना किकर माहीत आहेत त्यांना लगेच कळेल काय होतं ते. किकरची आतली बाजू सपाट असते कारण गोलकीपर पायाच्या आतल्या बाजूने बॉल बाहेर मारते, आणि पट्टे, बकल बाहेरच्या बाजूला असतात. डावा किकर उजव्या पायात घातला की सगळं उलटं. बकल आतल्या बाजूला आलं, चालताना ते दुसऱ्या किकरच्या फोमला घासत होतं, आणि तिने पाय पुढे टाकला तर बॉल सपाट भागावर न लागता बकलवर लागून भलतीकडेच, सरळ डी च्या, म्हणजे गोलसमोरच्या अर्धवर्तुळाच्या, मधोमध गेला. समोर स्ट्रायकर उभा असेल तर रिबाउंडवर गोलच तो. कोचने दोन मिनिटांत किकर काढायला लावले आणि पुन्हा क्लबचं जुनं किट.

आणि हेल्मेट. तिने मान वळवली की डोकं आधी वळतं आणि हेल्मेट मागून येतं, जाळीचा बार बरोबर डोळ्यासमोर. हनुवटीचा पट्टा शेवटच्या भोकापर्यंत आवळला तरी तेच, आणि तुमचा तो स्पंज घामाने निघून हातात आला. हॉकीचा बॉल 156 ते 163 ग्रॅमचा, दगडासारखा कडक. पेनल्टी कॉर्नरला (फाउलनंतर समोरच्या टीमला गोलवर मिळणारी संधी) पहिला शॉट हिटने, म्हणजे स्टिक फिरवून, मारला तर तो गोललाइन ओलांडताना 460 मिलिमीटरच्या वर नको, म्हणजे गोलच्या फळीइतकाच, असा नियम आहे, पण फ्लिकला, म्हणजे बॉल स्टिकने उचलून फेकला तर, ती मर्यादाच नाही, ड्रॅग फ्लिक (बॉल स्टिकने ओढत आणून फेकलेला) सरळ तोंडाच्या उंचीने येऊ शकतो आणि मोठ्या मॅचेसमध्ये त्याचा वेग ताशी 100 किलोमीटरच्या वर असतो. पोरांच्या मॅचला एवढा नसतो, पण बॉल तोच असतो. पूर्ण किट घालणाऱ्या गोलकीपरला हेल्मेट, पॅड आणि किकर या तीन गोष्टी नियमानेच घालाव्या लागतात, त्यातल्या दोन तुम्ही चुकीच्या दिल्यात. हेल्मेट हे शाळेच्या युनिफॉर्मसारखं वाढत्या अंगाचं घ्यायची वस्तू नाहीये हो.

बदलायला आले तर तुमच्या माणसाने किकर उलटा करून तळ बघितला आणि म्हणाला यावर टर्फची वाळू लागलीये, वापरलेला माल परत होत नाही. मी म्हटलं दोन्ही शेजारी ठेवून बघा, दोन्ही डावे आहेत. तर बघायलाच तयार नाही. वर म्हणतो थोडे दिवस वापरा, पायाला बसतात! डावा किकर उजव्या पायाला कसा बसेल? आणि माझ्याकडे दोन डावे आलेत तर दोन उजव्यांची बॅग एकतर तुमच्या गोडाऊनमध्ये पडून असेल नाहीतर दुसऱ्या कुणा पोराच्या घरी गेली असेल, निदान स्टॉक तरी बघा म्हटलं, तर मालक आल्यावर या. मालक कधी येणार ते कुणालाच माहीत नाही.

तिथे थांबले असताना अजून एक प्रकार बघितला तो पण सांगते. एक वडील छोट्या मुलाला घेऊन आले होते, पोरगं अजून धड पुश मारायला शिकलं नसेल, आणि तुमच्या माणसाने त्याच्या हातात लो बो ची, जास्त कार्बनची स्टिक दिली, सगळे मोठे प्लेअर हीच वापरतात म्हणून. अहो लो बो म्हणजे स्टिकचा बाक खाली, हेडच्या जवळ, ती ड्रॅग फ्लिकवाल्यांच्या कामाची. नवीन पोराला तिने बॉल सरळ मारायलाच त्रास होतो, फटका मारला की बॉल उचलला जातो आणि समोरच्याच्या गुडघ्याला बसतो. त्या वडिलांना यातलं काही माहीत नव्हतं, त्यांनी विश्वासाने घेतली. ते काका असते तर त्यांनी ती स्टिक त्या पोराच्या हातात दिलीच नसती.

मला भांडायची हौस नाही. ऑनलाइन सगळं घरपोच मिळतं, फोटो बघून ऑर्डर करता येते, तरी आम्ही दुकानात येतो ते कुणीतरी पोराला समोर उभं करून, घालून बघून, हे घे आणि हे नको असं सांगेल म्हणून. तेच होणार नसेल तर आम्ही तुमच्याकडे कशासाठी यायचं ते तुम्हीच सांगा.

मला काय हवंय ते स्पष्ट लिहिते. उजव्या पायाचा किकर त्याच साइजचा, किंवा अख्खी जोडी बदलून. हेल्मेट तिच्या डोक्याचं माप घेऊन योग्य साइजचं, आणि तुमच्याकडे तो साइज नसेल तर हेल्मेटचे पैसे परत, स्पंज नकोय. आणि गोलकीपरचा माल विकताना बॅग उघडून डावा-उजवा बघून मगच द्यायचा एवढं काउंटरवरच्या मुलांना सांगा, किंवा ते काका अजून असतील तर त्यांनाच त्या काउंटरवर बसवा.

तिची मॅच जवळ आलीये आणि क्लबचं ते जुनं हेल्मेट घालून मी तिला गोलमध्ये उभी करणार नाही, म्हणून या आठवड्यातच काय ते करा. किकर आणि हेल्मेट दोन्ही पुसून, बॅगेत भरून ठेवलंय. तुम्ही स्वतः दुकानात कधी असता तेवढं कळवा, मी मुलीला घेऊनच येते म्हणजे माप तिथल्या तिथे घेता येईल.

आपली,
एक जुनी गिऱ्हाईक
(नाव आणि नंबर बिलावर आहे)