बाबांच्या रिपोर्टातला ३.१

अॅन आर्बर, मिशिगन

तीर्थरूप आई-बाबांना शिरसाष्टांग नमस्कार.

फोनवर जीभ रेटली नाही, म्हणून लिहिते. इथल्या कामाची मुदत मी दोन वर्षांनी वाढवून घेतली आहे आणि सहीही करून झाली आहे. तुम्हाला तिथे ठेवून इथे परक्यांच्या लघवीचे नमुने तपासत बसते, हे मलाच टोचते. पण अण्णांची कंबर दुखते म्हणून आपण वर्षभर तेल चोळत राहिलो आणि निघाला प्रोस्टेटचा कर्करोग, ते विसरता येत नाही. प्रोस्टेटच्या, म्हणजे पुरुषांच्या मूत्राशयाखालच्या ग्रंथीच्या, कर्करोगात पुष्कळदा आढळणारे एक जोडजनुक (दोन जनुके जुळून झालेले) इथल्याच मिशिगन विद्यापीठातल्या डॉ. अरुल चिन्नैयन यांच्या गटाने २००५ मध्ये शोधले, आणि २०२४ मध्ये लघवीतल्या अठरा जनुकांवरून आक्रमक कर्करोग ओळखू पाहणारी चाचणीही इथूनच प्रसिद्ध झाली. असे काम अर्ध्यावर सोडवत नाही.

अशा चाचण्या लागतात, कारण रक्तातले पीएसए हे कर्करोगाचे नव्हे, ग्रंथीचे प्रथिन आहे. ग्रंथी नुसती वाढली किंवा सुजली तरी ते चढते. पीएसए ४ ते १० या पट्ट्यात असलेल्या चौघांची बायोप्सी केली, तर साधारण एकाचीच कर्करोगाची निघते, बाकीच्या तिघांना सुया फुकट.

बाबा, तुमच्या रिपोर्टात पीएसए ३.१, म्हणजे चारच्या आत, आले म्हणून आईने पेढे वाटले. पण तिने पाठवलेल्या फोटोत रिपोर्टाशेजारी ड्युटास्टेराइडचे, म्हणजे वाढलेल्या प्रोस्टेटवरच्या गोळीचे, पाकीट दिसते आहे, आणि ही गोळी तुम्ही वर्षभर घेता हे तुम्ही मला सांगितले नव्हते. सहा महिन्यांनंतर ती पीएसए जवळजवळ निम्मे करते, म्हणजे तुमचा आकडा सहाच्या घरातला धरावा लागेल. घाबरू नका, सहा म्हणजे कर्करोग नव्हे, नुसत्या वाढलेल्या ग्रंथीतही तेवढा आकडा येतो.

लहानपणी रात्री परसात जायला मी भ्यायचे, तेव्हा टॉर्च धरून तुम्ही दाराबाहेर खोकत उभे राहायचात, मला धीर यावा म्हणून. आता रात्री तीनदा तुम्ही उठता. बाथरूममधला दिवा रात्रभर चालू ठेवा, विजेचे बिल मी भरीन. आई, भिंतीला धरायची दांडी बसवून घे आणि गरम पाण्याच्या बादल्या उचलू नकोस.

युरोलॉजिस्टकडे याच आठवड्यात जायचे. पाकीट सोबत न्यायचे, गोळी आपल्या मनाने बंद करायची नाही, अण्णांचे लपवायचे नाही, आणि पुन्हा रक्त देण्याआधी दोन दिवस मळ्यापर्यंतची सायकल बंद. आई, तू आत बसून ऐक. बाबा बाहेर येऊन निम्मेच सांगतात.

तुमची,
मनू