बोरन्हाणाचे फोटो: मुकुट शेवटी घाला

मा. संपादक, स. न.

संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंत घरोघरी बोरन्हाणं होतील. मुलाला काळे कपडे आणि हलव्याचे दागिने घालून बागेत फोटो काढायला नेणंही आता रुळलं आहे. हौस चांगलीच आहे. पण सकाळी अकराच्या उन्हात रडून लाल झालेलं दीड वर्षाचं पोर, कपाळावर घसरलेला मुकुट आणि भोवती 'इकडे बघ, हस ना' म्हणणारे सहा जण, हे दृश्यही तितकंच रुळलं आहे. यात मुलाचा काडीचा दोष नसतो. वेळ चुकलेली असते आणि क्रम उलटा झालेला असतो.

जानेवारीच्या मध्यावर पुण्यात सूर्य साधारण सव्वासहाला मावळतो. पावणेपाच ते सहा हा उजेड सगळ्यात मऊ, आणि दुपारची झोप काढून, पोटभर खाऊन मूलही याच सुमारास ताजंतवानं असतं. झोपेची वेळ मोडून नेलंत तर पुढचं सगळं वाया जातं. अकराचं ऊन वरून पडतं, डोळ्यांच्या खोबणी काळ्या दिसतात, काळं कापड तापतं ते वेगळंच. झाडाखाली नेलं तर पानांतून झिरपणाऱ्या उन्हाचे चट्टे गालांवर उठतात. दुपारचीच वेळ हाती असेल तर इमारतीच्या सावलीत, पण सावलीच्या अगदी कडेला बसवा आणि तोंड मोकळ्या आभाळाकडे ठेवा. बऱ्याच बागा दुपारी बंद असतात आणि मोठा कॅमेरा दिसला की रखवालदार हटकतो, म्हणून आदल्या दिवशीच विचारून ठेवलेलं बरं.

बागेत पोचल्यावर पहिली दहा मिनिटं कॅमेरा बाहेर काढू नका. मुलाला गवत, पानं, कुत्रं जे काय बघायचं ते बघू द्या. मग आधी आई-बाबांबरोबरचे फोटो, त्यानंतर एकट्याचे, मग हार आणि बाजूबंद, आणि सगळ्यात शेवटी मुकुट. मुकुट मुलाच्या डोक्यावर फार तर दोन मिनिटं टिकतो, हे धरूनच चाला. तो दोऱ्याने हनुवटीखाली आवळण्यापेक्षा मागे रुंद इलॅस्टिक लावा. हाराखाली सुती कापडाची पट्टी टाचली की मानेला हलवा टोचत नाही. मुंबईच्या दमट हवेत तर ही पट्टी हवीच, कारण घामाने साखर पाझरून हार गळ्याला चिकटतो. गवतावर चादर अंथरा आणि दर पाच मिनिटांनी ती झटका. हलव्याचा वास मुंग्यांना आपल्याआधी लागतो.

आता फोन. आधी लेन्स पुसा, निम्मे धुरकट फोटो बोटांच्या तेलामुळे येतात. काळा कपडा दिसला की फोन चित्र उजळवतो, मग काळं करडं होतं आणि हलवा म्हणजे नुसता पांढरा गोळा. पडद्यावर मुलाच्या चेहऱ्याला बोट लावा आणि शेजारी येणारं सूर्याचं चिन्ह थोडं खाली ओढा. हलव्याचा काटा दिसायला लागला की थांबा. हलवा करणारीने तासन् तास खपून आणलेला काटा फोटोत दिसलाच पाहिजे! पोर्ट्रेट मोड मुकुटाच्या कडा कापतो, तो बंद ठेवा. मोठा कॅमेरा असेल तर चालणाऱ्या मुलासाठी शटरचा वेग 1/500 सेकंद, पळणाऱ्यासाठी 1/1000. तिघांच्या फोटोला लेन्सचं छिद्र (अ‍ॅपर्चर) एफ 4 ते 5.6 ठेवा, एफ 1.8 ला मूल स्पष्ट येतं आणि मागे बसलेले बाबा धूसर.

वर्षाच्या मुलाची उंची साधारण 75 सेंटीमीटर असते. उभ्याने खाली फोन धरलात की डोकं मोठं, पाय इवलेसे आणि मागे फक्त जमीन. मांडी घाला, नाहीतर सरळ पालथे पडा. तीन-चार मीटर लांब राहून दुप्पट झूम वापरा, कारण जवळ फोन दिसला की मूल त्यातली गाणी मागतं. हाक एकानेच मारायची, तीही कॅमेऱ्याच्या अगदी शेजारून. पाच दिशांनी पाच हाका आल्या की नजर कुठेच ठरत नाही. आई-बाबांनी कॅमेऱ्याकडे न बघता मुलाकडे बघावं. बाबांच्या खांद्यामागून आईने 'भॉक' केलं की जे हसू फुटतं, ते सांगून येत नाही.

आईने चंद्रकळा नेसली असेल तर मूल बाबांच्या कडेवर द्या आणि बाबांचा कुर्ता फिका असू द्या. काळ्यावर काळं बसलं की मूल कुठे संपतं आणि साडी कुठे सुरू होते ते कळत नाही.

दोघांनी दोन हात धरून मुलाला झुलवायचं, ही पोझ फार मागितली जाते. ती करू नये. चार-पाच वर्षांपर्यंत असा हिसका बसून कोपराचं हाड सरकू शकतं, आणि मग मूल तो हात हलवेनासं होतं. उचलायचं ते काखेत हात घालून. उडणारा झगा तसाही दिसतो.

बोरं ओतण्याचा फोटो बाहेर घ्यायचा असेल तर फक्त चुरमुरे आणि फुलांच्या पाकळ्या घ्या. बोराच्या बिया, हरभरे, हलव्याचे सुटे दाणे चार वर्षांच्या आतल्या मुलाच्या घशात अडकू शकतात, म्हणून दागिन्यांचे दोरेही घालण्यापूर्वी ओढून बघा. ओतणाऱ्याने मुलाच्या मागे उभं राहून डोक्यापासून वीतभर उंचीवरून, थोडं मागच्या बाजूला ओतावं, म्हणजे डोळे मिटत नाहीत. एका वेळी दोन ओंजळी पुरतात. फोनवर एकापाठोपाठ भराभर फोटो काढा, वीस-पंचवीस फोटोंत एखादा साधतो.

सगळं मिळून चाळीस मिनिटं. मूल कुरकुरायला लागलं की त्याआधीच संपवायला हवं होतं असं समजून आवरा. घरी आल्यावर केसांत चिकटलेली साखर आधी कोमट पाण्याने भिजवून काढा, कोरडी विंचरू नका. केस ओढले गेले की पुढच्या वेळी मूल मुकुट बघूनच पळतं.

— लहान मुलांचे फोटो काढणारे दोन छायाचित्रकार, पुणे