देवमाशाचा दम फेरिटिनमुळे नाही

संपादक महोदय,

रविवारच्या पुरवणीतल्या देवमाशांवरील लेखात ‘फेरिटिन भरपूर असल्याने हा प्राणी तासभर श्वास रोखतो’ असे छापले आहे. फेरिटिन म्हणजे लोह साठवणारे प्रथिन; रक्तातल्या त्याच्या आकड्यावरून अंगातल्या लोहसाठ्याचा अंदाज येतो. लेखातले विधान चूक आहे, आणि माझ्यासाठी ही चूक किरकोळ नाही.

माझी मुलगी १४ वर्षांची. तिला थॅलेसेमिया मेजर, म्हणजे पुरेसे रक्त तयार न होण्याचा जन्मजात आजार आहे. दर तीन आठवड्यांनी रक्त चढवावे लागते. प्रत्येक पिशवीबरोबर सुमारे २०० मिलिग्रॅम लोह अंगात जाते आणि ते बाहेर टाकायची सोय शरीरात नाही. म्हणून रोज सकाळी उपाशीपोटी ती लोह काढणारी गोळी पाण्यात विरघळवून पिते. पेल्याच्या तळाशी पांढरा गाळ राहतो, त्यात पुन्हा पाणी घालून तोही प्यावा लागतो. फेरिटिन २,८०० वरून १,४०० वर आणायला आम्हाला तीन वर्षे लागली. तुमचे कात्रण आमच्या पालकांच्या ग्रुपवर आले आणि एका बाबांनी विचारले, ‘‘मग वाढलेलं चांगलंच की! गोळी थांबवू का?’’

श्वास रोखायला कामी येते ते मायोग्लोबिन. ते स्नायूंत प्राणवायू धरून ठेवते. स्पर्म व्हेल या देवमाशाच्या मांसात ते इतके ठासलेले असते, की मांस काळपट दिसते. फेरिटिन म्हणजे लोहाची कोठी: २४ तुकड्यांचा पोकळ गोळा, आत लोहाचे साधारण ४,५०० अणू मावतात. त्याची जनुकेही निराळी. माणसात एक ११व्या गुणसूत्रावर, दुसरे १९व्या. पेशीत लोह साठू लागले की या जनुकांच्या संदेशावरचा अडसर सुटतो आणि कोठ्या वाढतात. रक्तातला आकडा चढतो तो त्यामुळे.

समुद्री प्राण्यांनाही हा साठा बाधतो. अमेरिकी नौदलाने सॅन दिएगोत पाळलेल्या काही डॉल्फिनांच्या यकृतात लोह साठले होते. फ्लोरिडाच्या सारासोटा उपसागरातल्या त्याच जातीच्या मोकळ्या डॉल्फिनांत फेरिटिन कमी आढळले. लोह उतरवायला पाळीव डॉल्फिनांचे रक्त काढून पाहिले गेले. आमच्या लेकरांना तो मार्गच नाही, त्यांच्यात मुळात रक्त कमी. २०१५च्या एका अभ्यासात आहारातले मासे बदलल्यावर डॉल्फिनांचे फेरिटिन उतरले. त्यांत मुलेट, म्हणजे आपल्याकडच्या बोयच्या कुळातला मासा होता. (हे वाचून कोणी गोळीऐवजी मुलांना बोय खाऊ घालू नये, ही कळकळीची विनंती.)

येत्या रविवारी त्याच पानावर, ठळक अक्षरांत दुरुस्ती छापावी. ते कात्रणही मी ग्रुपवर टाकणार आहे.

– एका थॅलेसेमिया रुग्णाची आई, कराड