गिरगावच्या वाचनालयातल्या बाईंना

आदरणीय बाई,

सप्रेम नमस्कार.

कादंबरीचा शेवटचा खर्डा परवा प्रकाशकांकडे गेला. ऋणनिर्देशासाठी अर्धं पान मिळालं आहे आणि तुमचं देणं तेवढ्यात मावणारं नाही, म्हणून हे जाहीर पत्र. तुम्हाला नाव छापलेलं आवडत नाही, ते इथेही छापत नाही. गिरगावात तुम्हाला सगळे ‘बाई’च म्हणतात, तेवढं पुरे आहे.

मी तुमच्याकडे आले ती रखमाबाईंच्या शोधात. अकराव्या वर्षी लग्न लागलेली मुलगी, मोठी झाल्यावर नांदायला जायला नकार देते. नवरा दादाजी भिकाजी मुंबई हायकोर्टात दावा लावतो. १८८५ मध्ये न्यायमूर्ती पिन्ही दावा फेटाळतात, पुढे अपील होतं, आणि मार्च १८८७ मध्ये न्यायमूर्ती फॅरन यांचा हुकूम निघतो: महिन्याच्या आत नवऱ्याकडे जा, नाहीतर सहा महिने तुरुंग. ती तुरुंगात जायची तयारी दाखवते. ऑफिस फोर्टात असल्यामुळे हायकोर्टाची ती इमारत माझ्या रोजच्या वाटेवर आहे. त्या खटल्याच्या दिवसांत जवळच एखाद्या वाडीत राहणाऱ्या, कुठल्याच कागदावर नाव न उरलेल्या दोन मैत्रिणींची गोष्ट मला लिहायची होती.

खटल्यावरची पुस्तकं तुम्ही लगेच काढून दिली नाहीत. आधी विचारलंत, “ही शिकली कुठे?” लग्नानंतर आईकडे राहून, फ्री चर्च मिशनच्या वाचनालयातून पुस्तकं आणून ती घरी शिकली. “मग कोर्टात मागाहून जा. आधी तिच्याजवळ कोण कोण बसत होतं ते बघ,” असं म्हणालात, आणि माझी कादंबरी खरं तर त्या दिवशी सुरू झाली. कारण बघायला लागल्यावर माणसं दिसत गेली. आई जयंतीबाई, जिने स्वतः विधवा झाल्यावर दुसरं लग्न केलं होतं. सावत्र वडील डॉ. सखाराम अर्जुन. प्रार्थना समाज आणि आर्य महिला समाजाच्या साप्ताहिक सभा, जिथे मायलेकी मिळून जात. कामा हॉस्पिटलच्या डॉ. एडिथ पेची, ज्यांनी तिला लंडनला जाऊन डॉक्टर होण्यासाठी बळ दिलं. १८८८ मध्ये दोन हजार रुपये घेऊन दादाजीने तडजोड केली आणि पुढच्या वर्षी ती बोटीने निघाली, एवढं सगळ्यांना माहीत असतं. आपल्या ऐतिहासिक कादंबऱ्यांत धीट बाई बहुतेक वेळा एकटी उभी असते, चहूकडे अंधार आणि मधे ती. मला हे चित्र आता पटत नाही. धीर कुणाच्या तरी सोबतीने येतो, आणि सोबत कुणाची होती हे शोधणं लेखकाचं काम आहे. ही दृष्टी तुम्ही दिलीत.

मोडी लिपीची गोष्टही तुमचीच. माझ्या दोघी एकमेकींना धरून का राहतात, याला नुसतं प्रेम पुरत नव्हतं. तुम्ही एका दुपारी सहज म्हणालात की छापील पुस्तकं बाळबोधीत, म्हणजे आपल्या देवनागरीत असत, पण घरातली पत्रं, हिशेब, देण्याघेण्याचे कागद मोडीत. म्हणजे पुस्तकावरून चोरून वाचायला शिकलेली मुलगी अख्खी पोथी वाचेल, पण सासरहून आलेलं पत्र तिला लागणार नाही. त्यात तिच्याबद्दलच काही ठरवलेलं असलं तरी! ते ऐकून मी घरी, बोरिवलीला, पोचेपर्यंत गाडीत उभ्याने टिपणं काढत होते. मग एकीला बाळबोध आणि कारकुनाच्या मुलीला मोडी, अशी वाटणी झाली. एक पुस्तक वाचून दाखवते, दुसरी पत्र. बाईमाणसाने अक्षर गिरवलं की नवरा मरतो, असं म्हणणाऱ्या घरांत त्या दोघी मिळून एक पूर्ण वाचक होतात. कादंबरीतला सगळ्यात लांब भाग हाच आहे आणि मला सर्वांत प्रियही.

शारदा सदनाचं प्रकरण तुम्ही कुलूपबंद कपाटातून काढून दिलेल्या ‘माझे पुराण’ या आनंदीबाई कर्व्यांच्या आठवणींमुळे उभं राहिलं. पंडिता रमाबाईंनी मार्च १८८९ मध्ये इथेच, मुंबईत, मुली-विधवांच्या शिक्षणासाठी हे सदन उघडलं आणि गोदूबाई तिथली पहिली विधवा विद्यार्थिनी झाली. लहानपणीच विधवा झालेली, विशी उलटलेली बाई मुलींच्या बरोबरीने शिकायला बसते. तीच पुढे १८९३ मध्ये धोंडो केशव कर्व्यांशी लग्न करून आनंदीबाई झाली. वाचताना मी दर दोन पानांनी थांबत होते.

दर बुधवारी वाचनालयात जमणाऱ्या बायकांचे आभारही तुमच्यामार्फतच मानते. दुपारची कामं उरकून येणाऱ्या, कुणी पोळी-भाजी केंद्रात राबणाऱ्या, कुणी नातवाला शाळेतून आणायच्या आधीचा तास काढून येणाऱ्या. त्यांच्यासमोर प्रकरणं मोठ्याने वाचायला तुम्ही मला बसवलंत. रखमाबाईंनी १८८५ मध्ये ‘अ हिंदू लेडी’ या नावाने टाइम्स ऑफ इंडियात बालविवाहाविरुद्ध पत्रं लिहिली, तो भाग वाचला तेव्हा एकीने विचारलं, “इंग्रजीत लिहिलेलं वाडीतल्या बायकांना कुणी सांगितलं असेल?” त्या प्रश्नावर पूर्ण एक प्रकरण उभं आहे: विहिरीवर, एकीच्या तोंडून दुसरीच्या कानी, मराठीत पोचणारं पत्र. दुसरी एक, जी कधी बोलत नसे, तिने त्यानंतर घरी न विचारता स्वतःच्या नावाने वाचनालयाची वर्गणी भरली. तिचा फॉर्म तुम्ही लिहून दिला नाहीत, शेजारी बसून तिच्याकडून भरून घेतलात. मी समोर होते. माझ्या दोघींपैकी एक दुसरीला पहिली सही करायला शिकवते, ते पान मी त्याच रात्री लिहिलं.

ऑफिस सुटून चर्नी रोडला उतरेपर्यंत तुमची बंद करायची वेळ व्हायची, आणि तरी दिवा लावून तुम्ही बसलेल्या असायच्या. यासाठी कधी एक शब्द बोलला नाहीत. बाई, मनापासून आभार.

पहिल्या दोन प्रती वाचनालयाच्या. एक कपाटासाठी, एक बुधवारसाठी. ती दुसरी सगळ्यांसमोर मोठ्याने वाचायची आहे आणि पहिलं प्रकरण तुम्ही वाचावं अशी माझी विनंती आहे. नाही म्हणू नका. आणि आनंदीबाईंच्या आठवणी अजून माझ्याकडेच आहेत, त्या येताना घेऊन येते.

तुमची,
चर्नी रोडला उतरणारी वाचक