डिरेक्टरी सेवेच्या सदोष आराखड्याबद्दल तक्रार

प्रति,
व्यवस्थापक,
ग्राहक सेवा विभाग

विषय : आपण आखून दिलेल्या डिरेक्टरी सेवेतील मूलभूत त्रुटी आणि विनाशुल्क फेररचनेची मागणी

महोदय,

आपल्या कंपनीने आमच्या संस्थेसाठी उभारलेल्या डिरेक्टरी सेवेबद्दल (म्हणजे कर्मचारी व गट यांच्या मध्यवर्ती नोंदवहीबद्दल, जिच्यावरून इतर प्रणाली वापरकर्ता ओळखतात) आम्ही आजवर केलेल्या तक्रारी आपल्या सेवाकक्षाने सुट्या सुट्या नोंदवल्या आणि तात्पुरती दुरुस्ती करून बंद केल्या. सर्व्हर नीट चालतात, याबद्दल आमचे काहीच म्हणणे नाही. दोष आराखड्यात आहे, आणि तो मान्य झाल्याशिवाय या तक्रारी थांबणार नाहीत, म्हणून हे पत्र लिहीत आहे.

काम सोपवताना दिलेल्या गरजांच्या दस्तऐवजात आम्ही स्पष्ट लिहिले होते की आमच्याकडे बदल्या वारंवार होतात आणि विभागांची पुनर्रचनाही अधूनमधून होते. असे असताना आपल्या सल्लागारांनी डिरेक्टरीची वृक्षरचना आमच्या संघटन-तक्त्यावरून जशीच्या तशी उचलली : मुख्य कार्यालय, त्याखाली विभाग, त्याखाली उपविभाग आणि सर्वांत खाली कर्मचाऱ्याची नोंद, तीही त्याच्या पूर्ण नावाने. एलडॅप, म्हणजे डिरेक्टरीशी संवाद साधण्याच्या प्रमाणित, पद्धतीत नोंदीचे डीएन, म्हणजे तिचे संपूर्ण विशेषनाम, वृक्षातील तिच्या जागेवरूनच बनते. त्यामुळे कर्मचाऱ्याची बदली झाली की त्याचे डीएन बदलते, विभागाचे नाव बदलले की त्याखालील सर्वांचे बदलते, आणि एखाद्या कर्मचाऱ्याने विवाहानंतर नाव बदलले तरी तेच होते. माणूस ज्या खुर्चीत बसतो तिच्यावरून त्याचे नाव ठेवावे, तसा हा प्रकार आहे.

यावर आपल्या सल्लागारांचे उत्तर असे की एलडॅपच्या तिसऱ्या आवृत्तीत नोंद एका शाखेतून दुसरीकडे हलवण्याची सोय आहे. ही सोय १९९७ पासून आहे, हे आम्हालाही ठाऊक आहे. परंतु नोंद हलली, हे त्या नोंदीचे जुने डीएन साठवून बसलेल्या इतर प्रणालींना कोण सांगणार? आमची रजा-प्रणाली आणि दस्तऐवज-संग्रह हे दोन्ही आपणच डिरेक्टरीशी जोडून दिलेत आणि दोन्हींत वापरकर्त्याची ओळख म्हणून डीएन साठवले जाते. परिणामी बदली झालेला कर्मचारी या प्रणालींना नवखा वाटतो आणि त्याची शिल्लक रजा व त्याचे दस्तऐवज जुन्या नावाखाली पडून राहतात.

याहून गंभीर बाब गटांची आहे. गटाच्या नोंदीत सभासदांची यादी डीएनच्या रूपातच असते आणि मूळ नोंद हलली किंवा काढून टाकली, तरी ती यादी आपोआप सुधारली जावी असे बंधन एलडॅपच्या मानकात नाही. त्यासाठी सर्व्हरवर संदर्भ जुळते ठेवण्याची वेगळी व्यवस्था चालू करावी लागते, आणि ती आपण चालू केलेली नव्हती. लेखा विभागातील एक कर्मचारी नोकरी सोडून गेल्यावर त्याची नोंद काढली गेली, पण देयके मंजूर करणाऱ्या गटात त्याचे डीएन तसेच राहिले. पुढे त्याच नावाची दुसरी व्यक्ती त्याच विभागात रुजू झाली, तिला हुबेहूब तेच डीएन मिळाले, आणि कोणीही मंजुरी दिलेली नसताना देयके मंजूर करण्याचा अधिकारही मिळाला. सुदैवाने त्या व्यक्तीनेच हे आमच्या निदर्शनास आणले. आपल्या सेवाकक्षाने या प्रकाराची नोंद ‘वापरकर्ता प्रशिक्षण’ या सदरात केली, हे मला अत्यंत खेदजनक वाटते.

बैठकीत आपल्याकडून एक्स.५०० या एलडॅपच्या आधीच्या डिरेक्टरी मानकाचा दाखलाही देण्यात आला. १९८८ च्या त्या मानकात देश, संस्था, विभाग, व्यक्ती अशी उतरती नामरचना सुचवलेली आहे, हे खरे. पण ती जगभरच्या सामाईक डिरेक्टरीच्या कल्पनेतून आलेली आहे आणि आमच्यासारख्या एका संस्थेच्या अंतर्गत डिरेक्टरीने तिचे अनुकरण करण्याचे कारण नाही. सर्व व्यक्ती एकाच सपाट शाखेत ठेवाव्यात, नोंदीचे नाव कधीही न बदलणाऱ्या आणि पुन्हा कोणालाही न दिल्या जाणाऱ्या क्रमांकावरून ठेवावे, आणि विभाग, पद, कार्यालय या गोष्टी नोंदीतील गुणधर्म म्हणून लिहाव्यात, ही पद्धत आता सर्वपरिचित आहे. उपशाखा करायच्याच असतील, तर वेगळा प्रशासक किंवा वेगळे धोरण लागते तिथेच कराव्यात. बाह्य प्रणालींना जोडण्यासाठी सर्व्हरनेच प्रत्येक नोंदीला दिलेला ‘एंट्रीयूयूआयडी’ हा स्वतंत्र ओळख-क्रमांक उपलब्ध असतो. नोंद कुठेही हलवली, तिचे नाव बदलले, तरी तो बदलत नाही. २००६ पासून प्रमाणित असलेली ही सोय आपल्या आराखड्यात एकदाही आलेली नाही.

स्कीमाबद्दलही, म्हणजे नोंदीत कोणते गुणधर्म असावेत याच्या नियमांबद्दलही, थोडे लिहिणे भाग आहे. कर्मचारी क्रमांक आणि विभाग क्रमांक यांसाठीचे गुणधर्म ‘इनेटऑर्गपर्सन’ या २००० सालच्या प्रचलित वर्गात तयार असताना आपण ते वेगळ्या नावांनी नव्याने निर्माण केलेत, आणि तेही दुसऱ्याच एका संस्थेच्या नावे असलेल्या ओआयडी (गुणधर्माला जगभर वेगळी ओळख देणाऱ्या) क्रमांकाखाली. स्वतःचा क्रमांक आयाना या इंटरनेटवरील क्रमांक वाटणाऱ्या संस्थेकडे अर्ज केल्यावर विनामूल्य मिळतो. तेवढाही अर्ज कोणी केला नाही.

कोणत्या माहितीची मालकी कोणाकडे, याचा तक्ता आराखड्यात नाही, त्यामुळे मनुष्यबळ प्रणाली आणि दूरध्वनी विभाग एकमेकांनी केलेले बदल पुसत राहतात. तसेच एका जुन्या उपकरणाच्या सोयीसाठी एलडॅपच्या नेहमीच्या पोर्ट ३८९ वरील कूटबद्ध नसलेले लॉगिन सर्वांसाठी खुले ठेवलेले आहे, म्हणजे पासवर्ड जाळ्यावरून उघडपणे प्रवास करतात. ही सवलत फक्त त्या उपकरणापुरती ठेवून इतरांना टीएलएस, म्हणजे कूटबद्ध जोडणी, सक्तीचे करण्याची आमची लेखी विनंती अद्याप अनुत्तरित आहे.

या फेररचनेसाठी आपण ‘चेंज रिक्वेस्ट’ म्हणून स्वतंत्र शुल्काचा प्रस्ताव पाठवला आहे. आमची गरज बदललेली नाही, ती पहिल्याच दस्तऐवजात होती. म्हणून हा प्रस्ताव आम्ही नाकारत आहोत. सुधारित आराखडा, जुन्या डीएनवरून नव्या ओळखीकडे जाण्याची चाचणीसह योजना, आणि जोडलेल्या प्रत्येक प्रणालीतील बदल हे काम आपण मूळ कराराअंतर्गत, विनाशुल्क करून द्यावे. कूटबद्धीकरण आणि गटांतील शिळ्या नोंदींची साफसफाई मात्र फेररचनेची वाट न पाहता तत्काळ व्हावी. लेखी उत्तरात या कामाची जबाबदारी घेणाऱ्या आराखडाकाराचे नाव असावे; सेवाकक्षाचा तक्रार क्रमांक आम्ही उत्तर म्हणून स्वीकारणार नाही. हे काम स्वीकृत होईपर्यंत करारातील अंतिम हप्ता रोखून धरण्यात येत आहे.

आपला,
प्रमुख, माहिती तंत्रज्ञान विभाग