सातवीच्या मुलांवर शिक्के मारू नका

महोदय,

आपल्या सोलापुरात काही शाळांनी आणि क्लासेसनी सध्या 'तुमचे मूल कसे शिकते' अशी चाचणी घ्यायला सुरुवात केली आहे. वीसेक प्रश्नांवर मुलाने खुणा करायच्या, की निकाल हातात: मूल 'व्हिज्युअल', 'ऑडिटरी' किंवा 'कायनेस्थेटिक', म्हणजे बघून, ऐकून किंवा हाताने करून शिकणारे.

मी निवृत्त शिक्षिका आहे. संध्याकाळी अशोक चौकाच्या आसपासची मुले माझ्याकडे अभ्यासाला येतात. त्यांतली सातवीतली एक मुलगी परवा असा कागद घेऊन आली. घरी तेलुगू बोलतात, आई विड्या वळते, वडील यंत्रमागावर. शेरा होता 'कायनेस्थेटिक', आणि खाली 'वाचनापेक्षा हस्तकौशल्याकडे कल'. तिने केलेल्या खुणा मी तिच्याबरोबर बसून पुन्हा वाचल्या. मोकळ्या वेळेत वाचायला आवडते का? नाही. का गं? "बाई, घरात एकच खोली. आईचं सूप, पानं, तंबाखू सगळं तिथंच, टीव्ही पण चालू. वाचू कुठं?" नवी वस्तू आणली की आधी माहितीपुस्तिका वाचतेस की हाताळून बघतेस? हाताळून. घरातला मिक्सर जुना, कुणाकडून तरी घेतलेला. त्याची पुस्तिका घरात आलीच नव्हती. चाचणीने मोजले तिचे घर आणि निकाल लिहिला तिच्या बुद्धीच्या नावावर. विडी कामगाराच्या मुलीला सातवीतच 'हाताचे काम बरे' असे सांगणाऱ्या कागदाचा मला राग येतो.

या धर्तीची सर्वांत प्रसिद्ध प्रश्नावली 'वार्क'. न्यूझीलंडचे नील फ्लेमिंग आणि त्यांच्या सहकारी कॉलीन मिल्स यांनी १९९२ मध्ये ती मांडली, तेव्हा विद्यार्थ्याने स्वतःच्या अभ्यासाबद्दल विचार करावा, एवढाच हेतू त्यांनी लेखाच्या शीर्षकात सांगितला होता. पुढे २००८ मध्ये हॅरोल्ड पॅशलर आणि आणखी तीन मानसशास्त्रज्ञांनी या विषयावरचे संशोधन तपासले. मुलाला त्याच्या 'शैली'प्रमाणे शिकवल्यास त्याला जास्त येते, याला पुरेसा पुरावा त्यांना सापडला नाही. मुलाची आवड असते, हे खरे. पण आवडीच्या पद्धतीने शिकवले म्हणजे जास्त कळते, हे त्यातून सिद्ध होत नाही. भूमिती सगळ्यांनाच आकृती काढून समजते, कविता सगळ्यांनाच ऐकून भिडते. त्या मुलीच्या वडिलांना कोणत्या रकान्यात घालणार? धोटा अडखळला की त्यांना आवाजावरून कळते, ताण्याचा तुटलेला धागा नजरेला दिसतो आणि गाठ बोटे मारतात.

कॉलेजच्या मुलांत माणसांना सोळा प्रकारांत बसवणाऱ्या व्यक्तिमत्त्व चाचण्यांचे वेड आहे. 'अगदी माझंच वर्णन आहे,' असे ती म्हणतात. अमेरिकेत मानसशास्त्रज्ञ बर्ट्रम फोरर यांनी १९४८ मध्ये वर्गातल्या सगळ्या विद्यार्थ्यांना व्यक्तिमत्त्वाचे एकच वर्णन, प्रत्येकाचे वेगळे म्हणून दिले. त्यातला बराच मजकूर ज्योतिषाच्या पुस्तकातला होता. विद्यार्थ्यांनी अचूकतेला पाचपैकी सरासरी ४.२६ गुण दिले! म्हणजे शेरा 'अगदी माझाच' वाटला, म्हणून चाचणी खरी ठरत नाही.

चाचणी घेऊच नये, असे माझे म्हणणे नाही. तिच्या निमित्ताने शिक्षक मुलाशी दहा मिनिटे बोलले, तरी पुष्कळ. पण हा शेरा प्रगतिपुस्तकात जाऊ नये, त्यावरून तुकडी किंवा दहावीनंतरची शाखा ठरू नये, आणि पालकांकडून त्याचे वेगळे पैसे घेऊ नयेत. वेळ घालवायचाच असेल तर धडा वाचून झाल्यावर पुस्तक मिटवून आठवेल ते लिहायची सवय लावा. रोडिगर आणि कार्पिके या मानसशास्त्रज्ञांच्या २००६ च्या प्रयोगात, पुन्हा पुन्हा वाचणाऱ्यांपेक्षा असे आठवून लिहिणाऱ्यांच्या आठवडाभराने जास्त लक्षात राहिले होते. त्याला वही-पेन्सिल पुरते. शिक्षण विभागाने याबाबत शाळांना लेखी सूचना द्याव्यात, ही विनंती.

– एक निवृत्त शिक्षिका, सोलापूर