गोळी स्वस्त होते ती हरकतीच्या अर्जामुळे

महोदय,

भारत-ब्रिटन व्यापार करारामुळे व्हिस्की आणि मोटारी किती स्वस्त होतील, याचे तक्ते सगळीकडे छापून आले. २४ जुलै २०२५ रोजी सही झालेल्या त्याच करारात औषधांविषयीही एक कलम आहे. औषधे लोकांपर्यंत पोहोचवण्याचा श्रेयस्कर मार्ग म्हणजे पेटंट असलेल्या कंपनीने इतरांना ते औषध बनवण्यासाठी स्वेच्छेने दिलेला परवाना, असे दोन्ही देशांनी त्यात मान्य केले आहे. म्हणजे कंपनीची मर्जी.

मर्जी नसली तर काय होते, हे बेडाक्विलिनने दाखवले. औषधांना दाद न देणाऱ्या क्षयरोगावरची ही गोळी. पहिले दोन आठवडे रोज चार, मग बावीस आठवडे आठवड्यातून तीनदा दोन-दोन, अशा सहा महिन्यांत १८८ गोळ्या. मूळ रेणूचे पेटंट जुलै २०२३ मध्ये संपणार होते. जॉन्सन अँड जॉन्सनने त्याच रेणूच्या फ्युमरेट क्षारासाठी, म्हणजे त्याच्या एका रासायनिक रूपासाठी, वेगळा पेटंट अर्ज केला होता. गोळीत हाच क्षार असतो, म्हणजे मक्तेदारी २०२७ पर्यंत लांबली असती. क्षयरोगातून बऱ्या झालेल्या मुंबईच्या नंदिता व्यंकटेशन आणि दक्षिण आफ्रिकेच्या फुमेझा तिसिले यांनी हरकत घेतली आणि मार्च २०२३ मध्ये अर्ज फेटाळला गेला. त्याच वर्षी जागतिक खरेदीत कंपनीचा कोर्सचा दर २८९ डॉलरवरून १३० वर आला.

पेटंट मिळण्याआधी अशी हरकत कोणीही घेऊ शकतो. पेटंट कायद्याचे कलम २५(१), हरकतीचा नमुना ७-अ. पेटंटचा अर्ज प्रसिद्ध झाल्यापासून निदान सहा महिने पेटंट देता येत नाही, तेवढा अवधी हमखास मिळतो. घोडे अडते ते अर्ज सापडण्यात. फ्युमरेट क्षाराच्या अर्जाच्या शीर्षकात ‘बेडाक्विलिन’ कुठेच नव्हते. ‘(अल्फा एस, बीटा आर)-६-ब्रोमो...’ असे दोन-तीन ओळींचे रासायनिक नाव होते. दुसरी अडचण मुद्द्यांची. औषध महाग आहे, ही कायद्याने हरकतच होत नाही. मुख्यतः अर्जाच्या अग्रक्रम तारखेआधी, म्हणजे त्या शोधाचा पहिला अर्ज दाखल होण्याआधी, छापलेला पुरावा लागतो किंवा कलम ३(डी)चा आधार: माहीत असलेल्या पदार्थाच्या नव्या रूपाने रोगावरचा गुण वाढला पाहिजे. नुसती गोळी जास्त टिकते, एवढ्यावर भागत नाही. ग्लिव्हेक या कर्करोगावरच्या औषधाबाबत सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये दिलेल्या निकालाने हे पक्के केले.

मार्च २०२४च्या नियमांनी या हरकतीला प्रथमच शुल्क लावले आणि ती ऐकण्याजोगी आहे का, याची आधी चाळणी ठेवली. पेटंटचा देशात किती वापर झाला हे सांगणारा नमुना २७ दरवर्षी भरावा लागे. आता तीन वर्षांतून एकदा. हा कागद किरकोळ नाही. सक्तीचा परवाना म्हणजे पेटंटधारकाची मर्जी नसतानाही दुसऱ्या कंपनीला औषध बनवण्याची दिलेली परवानगी. भारतातला असा एकमेव परवाना मुंबईत ९ मार्च २०१२ रोजी नॅटको या भारतीय कंपनीला बायरच्या नेक्साव्हर या कर्करोगावरच्या औषधासाठी मिळाला. तेव्हा बायरने किती माल आणला आणि किती रुग्णांना लागत होता, याचा पुरावा त्या वादात महत्त्वाचा ठरला. नेक्साव्हरच्या १२० गोळ्या, म्हणजे महिन्याचा खर्च, २,८०,४२८ रुपयांवरून ८,८८० वर आला आणि बायरला स्वामित्वधन (रॉयल्टी) त्या आदेशात ६ टक्के ठरले.

औषधांपुरता नमुना २७ पुन्हा दरवर्षी करावा, रुग्ण आणि त्यांच्या संघटनांना हरकतीचे शुल्क माफ करावे आणि औषधाचे जेनेरिक नाव ठरताच ते अर्जावर नोंदवणे कंपनीला बंधनकारक करावे.

– पेटंट कायद्याचे अभ्यासक, पुणे